हजर अडतीस

रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला, उद्या भेट आहे, सर्वांनी तयारीत राहावे. खाली लगेच सात-आठ अंगठे. आमच्यात भेट म्हटलं की कोणाची, कशासाठी असं कोणी विचारत नाही, कपाटातले तक्ते कुठल्या खणात आहेत तेवढंच आठवायला लागतं. सकाळी ठाण्याहून नेहमीची गाडी पकडून पोचले तर मावशींनी गेटवर रांगोळी काढूनही ठेवली होती, कमळ आणि खाली सुस्वागतम. माझा वर्ग दुसरीचा, पट ४१. तपासणीचे साहेब येतात, कुठलंही पुस्तक उघडतात, कोणालाही उभं करतात आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावतात. २०२१ मध्ये निपुण भारत, म्हणजे लहान मुलांना वाचता-मोजता यावं म्हणून केंद्र सरकारची मोहीम, आलं तेव्हापासून दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं ठरलेलं आहे, आणि ज्याच्यावर बोट पडू नये असं वाटतं नेमकं त्याच्यावरच पडतं हा माझा वीस-बावीस वर्षांचा अनुभव. खिडकीजवळ दुसऱ्या बेंचवर अर्णव बसला होता. (खरं नाव वेगळं आहे. अर्णव म्हणतीये कारण खऱ्या नावातही असाच एक रफार आहे, ते पुढे येईलच.) अर्णव चांगल्या दिवशी मिनिटाला अकरा शब्द वाचतो, वाईट दिवशी चार, आणि कोणी अनोळखी माणूस समोर उभा राहिला तर एकही नाही, नुसता घशातल्या घशात आवाज येतो. मी त्याच्याजवळ गेले आणि अगदी गोड आवाज काढून म्हटलं, "अर्णव, आज मावशींच्या झाडांना पाणी घालशील का रे?"

"एकटा?"

"हो, एकटाच."

दप्तर बेंचवर तसंच टाकून तो पळाला सुद्धा. साहेब आले, तीन मुलांना वाचायला लावलं, तिघांनीही खणखणीत वाचलं, वर्ग छान तयार केलाय म्हणाले. पट किती? ४१. हजर किती? ३८, मी पटकन सांगितलं. वर्गात बसलेले होते ३७. कोणी मोजलं नाही. सगळा वेळ खिडकीतून बाहेरच्या नळाचा आवाज येत होता, बादली भरल्याचा, नंतर त्यात मग बुडवल्याचा, आणि मध्येच मावशींचं "अरे बास, पॅसेजमध्ये पाणी आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्णव माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आज पण पाणी घालू?"

हे त्याने रडक्या आवाजात विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला अपराधी वाटलं असतं, मी त्याला जवळ घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण तो खूश होता. इतका खूश मी त्याला वाचनाच्या तासाला कधी बघितला नाही. जास्वंदाला सात मग लागतात बाई, तुळशीला दोन, कोरफडीला घालायचंच नाही, ती कुजते, हे सगळं त्याने मला एका दमात सांगितलं, जो मुलगा बाकावर उभं केलं की स्वतःचं नाव सांगायलाही वेळ घेतो त्याने. आणि तेव्हापासून ते डोक्यात अडकून बसलंय. मी त्याला लपवलं की त्याला काहीतरी दिलं? दोन्ही एकाच वाक्यात कसं झालं?

आता वाचन. मला स्वतःला वाचायला कधी आलं ते आठवत नाही, म्हणजे त्या आधीचा काळच आठवत नाही, त्यामुळे त्यात अवघड काय असतं ते मला अर्णव येईपर्यंत खरंच माहीत नव्हतं. बीएड-डीएड सगळं झालं, बाराखडी हजार वेळा घोकून घेतली, पण ऱ्हस्व वेलांटी हा काय प्रकार आहे हे कधी थांबून बघितलं नव्हतं. आपण म्हणतो दि, म्हणजे आधी द आणि मग इ. पण कागदावर आधी काय येतं? वेलांटीची काठी. जे नंतर बोलायचं ते आधी लिहायचं. अर्णवला 'दिवस' दिसतो तेव्हा ती काठी पुढच्याची की मागच्याची तेच त्याला कळत नाही, मग कधी 'दवस', कधी 'दविस'. आपल्याला डोळ्याला सवय झालेली असते म्हणून, नाहीतर त्याची शंका काही वेडी नाही. रफार त्याहून वाईट. अर्णव मधला र ण च्या आधी बोलायचा पण बसतो ण च्या डोक्यावर, आणि हाच र 'प्रकाश'मध्ये पायात जातो, 'ट्रक'मध्ये टोपीसारखा खाली लटकतो. बिचारा रफार कधी अ वर घालायचा, कधी व वर, एकदा तर समासात काढून ठेवला होता, म्हटलं हे काय, तर म्हणाला, "बाई, तो कुठे बसतो ते मला माहीत नाय, तुम्ही बसवा." शिवाय घ-ध, भ-म, प-ष, ब-व या जोड्या आहेतच. कागदावर मी त्या सगळ्या चुका लाल पेनाने गोल केल्या तर पान दिसायचंच नाही, म्हणून आताशा मी लाल पेन वापरणं बंद केलंय. पेन्सिलने एक बारीक टिंब देते. मोठ्या बाई म्हणतात पालकांना वाटेल तपासलंच नाही.

सुरुवातीचे चार महिने तर त्याने मला चक्क फसवलं. धडा वाच म्हटलं की तो घडाघडा म्हणायचा, बोटही फिरवायचा. एक दिवस लक्षात आलं की बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड पाचव्या. शेजारची मुलगी आदल्या तासाला त्याला हळू आवाजात वाचून दाखवायची आणि याचं ऐकून पाठ व्हायचं, अख्खा धडा, विरामचिन्हांसकट. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं तिच्यासारखं. मला आधी राग आला आणि मग विचार केला तर जे मला दिवसभर जमत नव्हतं ते ती सात वर्षांची पोरगी मधल्या सुट्टीत करत होती. तिच्या आईने मात्र पालकसभेत बेंच बदलून मागितला. भांडली वगैरे नाही, उलट अवघडून म्हणाली, "त्याचं वाईट नाही वाटत बाई, पण माझीचं लिहायचं राहतं." आणि खरंच राहत होतं, वहीत दिसत होतं. मी बेंच बदलला. बरोबर केलं की चूक ते अजून ठरवता आलेलं नाही, ती मुलगी अजूनही सुट्टीत त्याच्याकडे जाते एवढं खरं.

आकड्यांची तर वेगळीच गंमत आहे. पंचवीस लिही म्हटलं की तो ५२ लिहितो. का? कारण आपण बोलतो आधी पाच मग वीस, आणि लिहितो आधी दोन मग पाच. तो जे ऐकतो ते प्रामाणिकपणे त्याच क्रमाने लिहितो. २०१९ साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं, त्यात पंचवीसला वीस पाच असंही म्हणायचं होतं, आठवत असेल सगळ्यांना काय गदारोळ झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर जोक, टीव्हीवर चर्चा, मराठी भाषेचा खून वगैरे. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जीव तोडून सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरी संख्यानामं अवघड जातात, जुनी नावं काढलेली नाहीत, सोबत सोपी वाट दिलीये. आम्हीही स्टाफरूममध्ये हसलो होतो, मी तर जास्तच, घरी येऊन नवऱ्याला म्हटलं होतं आता तुझं वय चाळीस तीन. आणि मग पाच-सहा वर्षांनी अर्णव समोर बसलेला, मी दमून सहज म्हटलं वीस पाच, आणि त्याने २५ लिहिलं. मग वीस सात, मग तीस आठ. सगळे बरोबर. मान वर करून बघितलं माझ्याकडे, की हे इतकं सोपं होतं तर मग एवढे दिवस का. एकोणतीस म्हणजे तर बोलायच्या आधी वजाबाकी करायची, तीसला एक कमी, आणि अडतीसमधल्या आठचा अड कधी झाला हे मलाही सांगता येणार नाही.

त्या अडतीसवरून आठवलं.

मला एक धाकटा भाऊ आहे, दोन वर्षांनी लहान. कोपरीत एकाच शाळेत होतो आम्ही, मी चौथीत तेव्हा तो दुसरीत. ऐंशीच्या दशकात डिस्लेक्सिया वगैरे शब्द आमच्या चाळीत कोणी ऐकलाही नव्हता, तेव्हा एकच शब्द होता, ढ. ढ आहे, ढ गोळा आहे, संपलं. (मागे वाशीला एक ट्रेनिंग होतं, तिथले सर म्हणाले की ब्राह्मी लिपीतला ढ आणि आताचा ढ जवळपास सारखाच दिसतो, दोन हजार वर्षांत बाकीची अक्षरं कुठल्या कुठे गेली पण हा होता तिथेच, म्हणून ढ. हॉल हसला. मी पण हसले आणि मग पुरीभाजी घशाखाली उतरेना.) तर भाऊ ढ होता आणि शाळेचा चहा आणायचा. गेटबाहेर टपरी होती, अ‍ॅल्युमिनियमची किटली एका हातात आणि तारेच्या स्टँडमध्ये सहा ग्लास दुसऱ्या हातात, असा तो आमच्या वर्गाच्या खिडकीसमोरून जायचा. एक थेंब सांडायचा नाही. मैत्रिणी कोपर मारायच्या, तुझा भाऊ चाललाय बघ. आणि मी पुस्तकात मान घालायचे. त्याला ते दिसायचं की नाही मला माहीत नाही. किटलीचा तो खळखळ आवाज आणि चहाचा आल्याचा वास पॅसेजमधून पुढे जाईपर्यंत मी एकच ओळ परत परत वाचत राहायचे.

सातवीत त्याने शाळा सोडली. आता कुरियरचं काम करतो, घोडबंदर रोडच्या टॉवर्समध्ये. लोकांना वाटतं अशा गोष्टीत पुढे काहीतरी भारी होतं, वर्कशॉप काढलं, गाडी घेतली, तसं काही नाही. ठीक चाललंय. इमारतीचं नाव वाचायला वेळ लागतो म्हणून पहिल्या अक्षराचा आकार आणि रंग लक्षात ठेवतो, बाकी फोन लावतो. फॅमिली ग्रुपवर आम्ही सगळे टाइप करतो, तो फक्त व्हॉइस नोट पाठवतो, मागे गाड्यांचे हॉर्न. आम्ही लिहिलेलं त्याची मुलगी त्याला वाचून दाखवते. पाण्याच्या प्रकरणानंतर दोन-तीन दिवसांनी मी त्याला फोन केला. म्हटलं, "तुला आठवतं का, शाळेत तुला चहाला पाठवायचे ते?"

"म्हणजे काय! मस्त दिवस होते ताई. उरलेला कटिंग मला मिळायचा. टपरीवाला बिस्किट द्यायचा वरून."

मला बरं वाटलं. हेच ऐकायचं होतं बहुतेक. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "तपासणी असली की दोन फेऱ्या व्हायच्या. एकदा तर चहा कोणालाच नको होता, तरी पाठवलं."

आणि लगेच, आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते सांग.

कागदोपत्री सगळं आहे आपल्याकडे, नाही असं नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डोकं चांगलं असूनही वाचन-लेखन अडणं, तीही आली. सगळ्या मुलांनी एकत्र शिकायचं असं त्यात लिहिलंय, एकत्र हा शब्द ट्रेनिंगच्या स्लाइडवर ठळक केला होता. शिक्षण हक्क कायद्यात तीस मुलांमागे एक शिक्षक, माझ्या वर्गात एकेचाळीस, पण ते जाऊ दे, ते रडगाणं सगळ्यांचं आहे. दहावीला अशा मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो, गणिताला सोपा पर्याय मिळतो. चांगलंच आहे. पण माझा पोरगा दुसरीत आहे हो. दहावीपर्यंत त्याला वर्गात टिकवायचं कसं ते त्या २० मिनिटांत बसत नाही.

त्याच्या आईला मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कँटीनमधून थेट आलेली, ओढणीला फोडणीचा वास, पाच मिनिटंच आहेत म्हणाली. मी म्हटलं एकदा तपासून घेऊ. ती घाबरली. "बाई, तोंडी काय ते सांगा, कागदावर नका लिहू. कागद पुढे जातो." मी खूप समजावलं, हुशार आहे तो, डोकं उत्तम आहे, फक्त अक्षरांशी अडतं, आणि मनात म्हणत होते की कागद पुढे जातो हे तिचं खोटं कुठेय. शेवटी दिवाळीनंतर ती त्याला वाशीला महापालिकेच्या ईटीसी केंद्रात, म्हणजे अपंग मुलांसाठीच्या केंद्रात, घेऊन गेली, अर्ध्या दिवसाची रजा कापून. तिथल्या मॅडमनी दोन तास त्याच्याबरोबर बसून खेळ खेळले असं तिला वाटलं, ती तपासणी होती. लर्निंग डिसॅबिलिटीचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या आसपास करतात, त्याआधी मूल नुसतं उशिरा शिकतंय की खरंच अडतंय हे सांगणं कठीण. तर परत बोलावलंय. तिने मला त्या फाइलचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, रागावला नाही तिकडे कोण.

आमच्याकडे एक विशेष शिक्षिका येतात, बऱ्याच शाळा फिरतात, आमची पाळी कधीतरी येते. त्यांनी मला एक पुठ्ठ्याची खिडकी करायला शिकवली, मधे फट, धड्यावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीचा गोंधळ झाकलेला. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवायला सांगितलं. रवा मी घरून नेला आणि दुसऱ्या दिवशी कपाटात मुंग्यांची वारी, शेजारच्या वर्गाच्या बाईंनी आठवडाभर ऐकवलं. मग वाळू आणली. पण त्यांनी सांगितलेली सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. म्हणाल्या, बाई, तुम्ही मदत फार लवकर करता. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच बोला. मी म्हटलं दहा सेकंद काय, सोपं आहे. करून बघा. एकेचाळीस मुलांच्या वर्गात दहा सेकंद म्हणजे किती मोठे असतात ते. चारला कोणीतरी ओरडतं बाई मी सांगू, सहाला मागे कंपासपेटी पडते, सातला माझंच तोंड उघडतं. आणि मी उत्तर देऊन टाकते आणि शाब्बास पण म्हणते त्याला, न दिलेल्या उत्तरासाठी. एकदाच मी खरोखर दहापर्यंत गेले. बाराव्याला तो म्हणाला, "सूर्य." हळूच. रफारासकट वाचलं. वर्गात कोणाला कळलंही नाही काय झालं ते, घंटा होत होती.

तेव्हा कधीकधी वाटतं की त्या दिवशी उभं करू दिलं असतं साहेबांना. वाचले असते चार शब्द. स्टॉपवॉच चाललं असतं. साहेब तसा वाईट माणूस नाही, कदाचित म्हणाले असते बस बाळा. कदाचित मला बाजूला घेऊन बोलले असते. मला बोलले असते, हा मुद्दा आहे ना. आणि दुसरीकडे वाटतं की सात वर्षांच्या पोराला माझ्या प्रामाणिकपणासाठी सगळ्यांसमोर घशात आवाज अडकवून उभं करायचं? पाणी घालताना तो आनंदात होता, एवढं तरी खरं होतं. मग त्याला पाणी घालायचं काम रोजचंच देऊन टाकू असंही मी ठरवलं, भेट असो नसो, म्हणजे ते त्याचं काम होईल, माझी सोय राहणार नाही. आठवडाभर छान चाललं. मग मोठ्या बाई म्हणाल्या वाचनाच्या तासाला मुलगा बाहेर कसा, आणि त्यांचंही बरोबर होतं, मधल्या सुट्टीत घाल म्हटलं तर सुट्टीत तो खेळायला पळतो, साहजिक आहे.

परवा रात्री परत मेसेज आला. उद्या भेट आहे. सात-आठ अंगठे, त्यात माझाही. झोप लागली नाही नीट. अर्णवला बसवायचं, त्याच्याजवळ उभं राहायचं, पुठ्ठ्याची खिडकी पुस्तकात आधीच ठेवायची, साहेबांना आधीच सांगायचं की याला वेळ द्या, असं सगळं मी गाडीत मनात वाक्यं जुळवत होते. ऐरोलीच्या अलीकडे गाडी पंधरा मिनिटं उभी राहिली, खाडीवरून तो ओला कुबट वारा येत होता, मी परत परत घड्याळ बघत होते. शाळेत पोचले तेव्हा गेटवर रांगोळी काढून झाली होती, या वेळी मोर. वर्गात गेले, अर्णवची जागा रिकामी. दप्तरही नाही. मला वाटलं आला नाही, आणि खोटं का बोलू, एक क्षण सुटल्यासारखं झालं.

मग नळाचा आवाज आला.

तो भिंतीपाशी होता, दप्तर मावशींच्या स्टुलावर नीट ठेवलेलं, बादली काठोकाठ भरलेली. मी म्हटलं, "अरे, तुला कोणी सांगितलं?"

"रांगोळी काढलीये ना, बाई," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

प्रार्थनेची घंटा झाली. मी त्याच्या हातातला मग घ्यायला गेले तर त्याने तो मागे घेतला. "थांबा. जास्वंदाचे चारच झालेत, तीन राहिलेत."